परक्यांनी घडवलेलं कँटरबरी

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून वेगवान गाडी पकडली, की तासाभरात कँटरबरी येतं. बहुतेक पर्यटक वेस्टगेटच्या दगडी बुरुजांमधून आत शिरतात, बाजारपेठेतून थेट कॅथेड्रल गाठतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पण या गावाची गोष्ट पूर्वेकडून सुरू होते. आधी जुन्या तटाबाहेरच्या सेंट मार्टिन चर्चला जावं आणि तिथून कॅथेड्रलकडे यावं. पंधरा-वीस मिनिटांच्या या वाटेवर इतिहास क्रमाने भेटत जातो. इंग्लंडच्या चर्चचं हे मूळ पीठ उभं केलं ते मुख्यतः बाहेरून आलेल्या माणसांनी, हेही याच वाटेवर ध्यानात येतं.

टेकाडावरचं सेंट मार्टिन लहानसं आहे. इंग्रजी भाषक जगात आजही उपासना सुरू असलेलं सर्वांत जुनं चर्च म्हणून ते ओळखलं जातं. वेदीकडच्या भागाची भिंत जवळ जाऊन पाहावी. चपट्या, लालसर विटांचे थर दिसतात. त्या रोमन आहेत. रोमनांचं राज्य पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं, पण त्यांच्या विटा इथल्या बांधकामांना पुढेही पुरल्या.

या चर्चची पहिली ठाऊक असलेली उपासक म्हणजे राणी बर्था. ती पॅरिसच्या फ्रँक राजाची मुलगी. केंटचा राजा एथेलबर्ट याच्याशी लग्न ठरलं तेव्हा नवरा जुन्या देवांना मानणारा, ती ख्रिस्ती. तिला स्वतःचा धर्म पाळू द्यायचा, या अटीवर लग्न झालं आणि ल्युडहार्ड नावाचा बिशप तिच्यासोबत सासरी आला. सेंट मार्टिनच्या आवारात एकोणिसाव्या शतकात सोन्याचं नाण्यासारखं एक पदक सापडलं. त्यावर ल्युडहार्डचंच नाव आहे, तेही उलट्या बाजूने वाचावं लागेल असं कोरलेलं. आज ते लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे.

पोप ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोमहून धाडलेला ऑगस्टिन सुमारे चाळीस जणांसह ५९७मध्ये केंटला उतरला, तो या तयार जमिनीवर. राजा त्याला भेटला तो उघड्यावर. बंद घरात हे लोक जादूटोणा करतील, अशी त्याला धास्ती होती, असं मठवासी इतिहासकार बीड यांनी ७३१च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. भीती गेली आणि राजाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ६०१मध्ये ग्रेगरींनी एका पत्रात कळवलं, की इथली जुनी देवळं पाडू नका. मूर्ती काढा आणि पवित्र पाणी शिंपडून तीच वापरा. लोक ओळखीच्या जागी सहज येतील, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता.

टेकाड उतरलं की सेंट ऑगस्टिन मठाचे अवशेष लागतात. ऑगस्टिनने हा मठ तटाबाहेर बांधला, कारण रोमन रिवाजाप्रमाणे दफन गावाबाहेरच होई आणि राजे व आर्चबिशप यांच्यासाठी अशी जागा हवी होती. बर्था आणि एथेलबर्टचं दफन इथलंच.

सातव्या शतकात या मठाला विद्येचं वैभव आलं. आजच्या तुर्कस्तानातल्या तार्ससचा थिओडोर ६६९मध्ये आर्चबिशप म्हणून इथे आला, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. खरं तर पोपने हे पद आधी मूळच्या उत्तर आफ्रिकेतल्या हेड्रियनला देऊ केलं होतं. त्याने नकार देऊन थिओडोरचं नाव सुचवलं आणि मग स्वतःही इथे येऊन मठाधिपती झाला. या दोघांच्या शाळेत काव्य, खगोल, पंचांगाचं गणित शिकवलं जाई. तिथल्या विद्यार्थ्यांना ग्रीक आणि लॅटिन मातृभाषेइतक्याच येत, असं बीड म्हणतात. १५३८मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला. आता हिरवळीवर इमारतींच्या पायाच्या रेषा आणि काही उंच भिंती उरल्या आहेत. १८४८मध्ये याच आवारात वसाहतींकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी कॉलेज निघालं. बाहेरून आलेला धर्म आता इथून बाहेर निघाला.

तटाच्या आत शिरलं, की कॅथेड्रल. ऑगस्टिनच्या परंपरेतली जुनी वास्तू १०६७मध्ये जळाली. तिचे अवशेष १९९३मध्ये मधल्या दालनाची फरशी बदलताना खाली सापडले. नवी इमारत उभारली ती इटलीत जन्मलेल्या आर्चबिशप लॅनफ्रँकने, फ्रान्समधल्या काँ इथला दगड आणून. ११७४च्या आगीनंतर पूर्वेकडचा भाग सांसच्या विल्यम या फ्रेंच कारागिराने हाती घेतला. परांचीवरून पडून तो जायबंदी झाल्यावर दुसऱ्या, इंग्रज विल्यमने काम पुरं केलं.

बेकेटची कथा सर्वश्रुत आहे. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला इथेच ठार केलं आणि कॅथेड्रल यात्रेचं ठिकाण बनलं. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू इकडेच यायला निघालेले. १५३८मध्ये आठव्या हेन्रीने बेकेटची समाधीही उखडली. ती होती तिथे आज फक्त मेणबत्ती जळते, पण तिकडे नेणाऱ्या पायऱ्या यात्रेकरूंनी किती झिजवल्या आहेत, ते खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. तळघरातही डोकवावं. फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांना सोळाव्या शतकात तिथे जागा मिळाली आणि फ्रेंचमधली त्यांची उपासना अजून चालू आहे.

चर्च, मठ आणि कॅथेड्रल ही तिन्ही स्थळं मिळून १९८८मध्ये जागतिक वारसा यादीत आली. ऑगस्टिनपासून मोजली जाणारी आर्चबिशपांची परंपरा आता १०६वर पोहोचली असून, या पदावर पहिल्यांदाच एका स्त्रीची, सेरा मुलाली यांची, निवड २०२५मध्ये जाहीर झाली. या मोजणीत बर्थाला जागा नाही. पण ऑगस्टिन येण्याआधीच तिची प्रार्थना सेंट मार्टिनमध्ये चालू होती. तेव्हा कॅथेड्रलचं तिकीट जरूर काढा, पण सेंट मार्टिन ठरावीक वेळीच उघडं असतं. दिवस ठरवायचा तो त्याच्या वेळा पाहून.