घरातली शुश्रूषा : दर्जा कशाचा मोजायचा?

घरी येऊन वृद्ध, आजारी वा अपंग माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बाईविषयी आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. ती कारखान्यात नसते, कचेरीत नसते, मोर्चात तर नसतेच; बारा तास परक्या घराच्या एका खोलीत असते. आणि बहुधा आपल्याच वस्तीतून गेलेली असते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी पाहावा लागला. माझी मावशी आयुष्यभर लोकांच्या आजाऱ्यांचे हगणेमुतणे काढत आली. आता तिचाच भाचा, प्राध्यापक झालेला, ब्युरोकडे बाई मागायला गेला.

मी ब्युरोला महिन्याला १८ हजार रुपये भरत होतो. बाईच्या हाती १२ हजार पडत. मधले सहा हजार कशाबद्दल, हे ब्युरोवाल्याने शेवटपर्यंत नीट सांगितले नाही. प्रशिक्षणाबद्दल म्हणावे, तर दोन दिवस एका जुन्या बाईबरोबर उभे केले होते, एवढेच तिचे प्रशिक्षण. पगारी रजा नाही. खाडा झाला की पैसे कापले.

‘बाई चांगली आहे का?’ या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित घरांत काय उत्तर मिळते? वेळेवर येते, उलट बोलत नाही, फोनवर बसत नाही. हा शुश्रूषेचा दर्जा नव्हे, ताबेदारीचा झाला. शुश्रूषेचा दर्जा रोग्याच्या अंगावर पाहायचा असतो. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर माकडहाड, खुबा, टाचा येथली कातडी लाल होते, आणि बोटाने दाबूनही तो लालपणा जाईना, म्हणजे जखमेला सुरुवात झालीच. पक्षाघाताच्या रोग्याला गिळताना त्रास होत असेल तर ताठ बसवून लहान घास द्यावा, तो गिळल्याचे पाहावे, मग पुढचा द्यावा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. लुळ्या हाताला ओढून उठवू नये, खांद्याला इजा होते. लघवीची पिशवी कमरेच्या वर टांगू नये. हे शिकता येण्यासारखे आहे. पण कोणी तरी शिकवावे लागते आणि करायला वेळ लागतो. ज्या बाईकडून आपण भांडी आणि फरशीही उरकून घेतो, तिला घास गिळला की नाही हे पाहायला सवड कुठली? शिवाय साठ-सत्तर किलोचा माणूस एकटीने उचलून तिची कंबर जाते, ते कोणाच्याच हिशेबात नसते.

येथे जात येते. मलमूत्राशी संबंध आला की काम हलके आणि करणारा हलका, ही या समाजाची मुरलेली समजूत. अनेक गावांत सुईण आपल्यातलीच असे; बाळ तिच्याच हातांत जन्माला येई आणि काम उरकताच तिचा विटाळ होई. ज्या हातांना कसब आहे त्यांचे कसब कसब म्हणून मोजायचेच नाही, म्हणजे दामही द्यावा लागत नाही.

हे मी सवर्णांच्या घराविषयी लिहितो आहे असे वाचकांना वाटेल. आमच्याच घरात तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळा कप निघाला. पत्नीने काढला, मी पाहिला आणि गप्प राहिलो. ‘आजाऱ्याचे काम करते, स्वच्छतेसाठी बरे’ अशी मनाची समजूतही घातली. महिनाभराने ती म्हणाली, “सर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघून मी या घराला हो म्हटलं होतं.” कपाचे तिने नावही काढले नाही. मी त्या वेळी काही बोलू शकलो नाही. दुसऱ्या दिवसापासून कप गेला, आणि भांडीही आम्ही घासू लागलो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचा भर नोंदणी आणि साहाय्यावर आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. हे आमच्या ताईला कोणी सांगितलेच नव्हते. अपंग हक्क कायद्याने २०१६ साली जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्ता मान्य केला, पण शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, अशी पाचर मारून. घरकामगारांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून स्वीकारलेला नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या ब्युरोच्या बायांची यादी करण्यापासून आरंभ करावा. त्या कोणत्याच संघटनेच्या दप्तरात सापडत नाहीत.

ताई एका वहीत दादांची कूस, जेवण, लघवी वेळेसह लिहून ठेवी. सात महिन्यांत दादांना एकही जखम झाली नाही. आठव्या महिन्यात एका सोमवारी ब्युरोने न कळवता तिला दुसऱ्या घरी धाडले आणि आमच्या दारात नवी मुलगी उभी केली. वहीचे मी तिला दाखवीपर्यंत अकरा वाजले होते. दादा त्या दिवशी जेवले नाहीत.