बाळाच्या घासात मासा हवा, काटा नको!

दिवाळीच्या अंकात चकलीचे काटे आणि करंजीचा खुसखुशीतपणा यांवर लिहावे, असा रिवाज आहे. परंतु कोकणकिनारी नि मुंबईकडे दिवाळी हा मासळीचाही हंगाम असतो, हे मासे खाणाऱ्या घरांना सांगायला नको. जून-जुलैतली मासेमारीची बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला पोचलेला असतो, श्रावण पाळून झालेला असतो आणि बाजारात पापलेट, रावस, बोंबील पुन्हा झळकू लागलेले असतात. अशा दिवसांत ज्या घरी नुकतेच उष्टावण झालेले मूल फराळाच्या डब्यांभोवती रांगत असते, त्या घरी एक प्रश्न हमखास निघतो. ‘याला मासा कधी द्यायचा?’

पूर्वी हा प्रश्न निघतच नसे. घरात आजी असे. आपल्याच ताटातला पापलेटाचा पांढराशुभ्र तुकडा ती दोन बोटांत धरी, अंगठ्याने दाबून पाही, भातात कालवी आणि बाळाच्या तोंडी लावी. काटा शोधण्याचे काम तिची बोटे करीत. डोळ्यांना मोतीबिंदूने दिसेनासे झाले तरी बोटांना दिसत असे! आज आजी रत्नागिरीला किंवा मडगावला आणि नातवंड ठाण्याच्या सातव्या मजल्यावर, अशी बहुतेक घरांची विभागणी झाली आहे. बोटांतली ही विद्या दूरध्वनीवरून शिकवता येत नाही. मग तरुण आई घाबरते आणि म्हणते, ‘दोन-तीन वर्षे जाऊ देत, मग बघू.’ काळजीपोटी घेतलेला हा निर्णय मुलाच्या हिताचा असतोच असे नाही.

मी भाषा शिकवते, वैद्यकी नव्हे. परंतु या विषयावर जाणत्या वैद्यकसंस्थांनी जे सांगितले आहे आणि आपल्या स्वयंपाकघरांत जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर दोघांचे पुष्कळसे जमते, आणि जिथे जमत नाही तिथे सावध व्हावे लागते.

केव्हा द्यावा?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले उष्टावणही याच सुमारास येते. भाताची पेज, वरणाचे पाणी, भाज्यांचा लगदा हे आठ-पंधरा दिवस पचले, की मासा द्यायला हरकत नसते.

‘मासा उशिरा द्या’ ही समजूत आली कुठून? वावडी असणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत मासा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली दिला होता. पुढे २००८ साली त्याच संस्थेने सांगितले, की उशीर केल्याने वावडे टळते असा खात्रीचा पुरावा नाही. पहिला सल्ला मात्र तोंडोतोंडी पसरला होता. दुसरा तितका पसरला नाही. म्हणून अजूनही ‘तीन वर्षांपर्यंत नको’ हे वाक्य ऐकू येते.

तरी वावड्याची शक्यता असतेच. पहिला घास सकाळी किंवा दुपारी द्यावा, रात्री देऊ नये. त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. अर्धा चमचा मासा द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करीत न बसता तडक डॉक्टरांकडे न्यावे. मुलाला आधीच इसब किंवा दुसऱ्या कशाचे वावडे असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांची जात निराळी आणि त्यांचे वावडेही निराळे. मासा पचला म्हणजे कोळंबी पचेलच असे समजू नये.

कोणता द्यावा?

सुरुवातीला पापलेट सर्वांत सोयीचा. मधला काटा उचलला की दोन्ही बाजूंचे मांस सुटून येते. रावसही तसाच मऊ, आणि त्याचे काटे मोठे असल्यामुळे हाताला चटकन लागतात. बोंबील तर शिजवला की विरघळतो. मुडदुशीसारखा हलका मासा आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देण्याची आपल्याकडे रीत आहे. बाळालाही तो मानवतो, मात्र काटा बारकाईने पाहावा. बांगडा आणि तारली स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखू नये. मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला लागणारी जी स्निग्धद्रव्ये, ती या तेलकट माशांत भरपूर असतात. परंतु काट्यांमुळे ते वर्षानंतर द्यावेत.

इथे आपल्या एका लाडक्या समजुतीला मुरड घालावी लागते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी, म्हणजे लहान मुशी, खाऊ घालण्याची चाल किनाऱ्यावर सर्वत्र आहे. मुशी हा शार्कच. मोठे मासे लहान माशांना खातात आणि त्यांच्या अंगात पारा साचत जातो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्याने काय अनर्थ केला, हे १९५६ पासून जगाला कळू लागले. आईला फारसा त्रास नसताना पोटातल्या बाळाला कायमची इजा झाल्याची उदाहरणे तिथे आढळली. आपल्या बाजारातली मासळी म्हणजे मिनामाता नव्हे. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आणि मुलांसाठी वर्ज्य माशांची जी यादी केली आहे, तीत शार्क आहे आणि आपल्या सुरमईच्या कुळातला एक मोठा मासाही आहे. म्हणून मोरी टाळावी आणि मोठ्या सुरमईचा तुकडा बाळाच्या वाटीत नित्य नसावा. मासा जितका लहान, तितका पारा कमी, हे साधे गणित लक्षात ठेवावे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे दोन बोटे रुंदीचा तुकडा, आठवड्यातून दोनदा पुरे.

खरेदीचे नियम जुनेच आहेत. कल्ले लालबुंद, डोळा पाणीदार, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात राहिले, की त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. त्याने अंग लाल होऊन खाज सुटते आणि आपण समजतो की मुलाला मासा बाधला! दोष माशाचा नसतो, बर्फाविना ताटकळलेल्या टोपलीचा असतो.

कसा करावा?

आपल्या पाककृतींचा आरंभ ‘दहा-बारा सुक्या मिरच्या घ्या’ असा होतो. बाळासाठी तो आरंभ सोडून द्यावा. वर्षाच्या आत मीठही घालू नये. माशाला स्वतःची चव असते. सुका मासा खारवलेला असतो, तेव्हा तोही या वयात नको.

पापलेटाचा मऊ भात (सात महिन्यांपासून) : दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मुगाची डाळ धुऊन भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवावी. पापलेटाचा अर्धा इंच जाडीचा तुकडा वाटीत ठेवून मोदकपात्रात आठ-दहा मिनिटे वाफवावा. (गणपतीचे मोदकपात्र सोवळ्यात असेल, तर झाकणाचे पातेले आणि चाळणी चालते. घरात त्यावरून महाभारत नको!) मांस पांढरेफेक होऊन पापुद्र्यांनी सुटले, की मासा शिजला. साल आणि काटा काढून भातात कालवावा, वर दोन थेंब तूप.

बोंबलाची पेज (नऊ महिन्यांपासून) : ताजा बोंबील साफ करून मधला काटा ओढून काढावा. हा काटा मऊ असला तरी बाळासाठी ठेवू नये. तांदळाच्या कण्यांची पेज उकळत असता त्यात बोंबील आणि चिमूटभर हळद सोडावी. पाच-सात मिनिटांत तो पेजेत मिसळून जातो.

रावसाचे फिके कालवण (वर्षानंतर) : नारळाच्या पातळ दुधात हळद, चिमूटभर मीठ आणि एक आमसूल घालून मंद आचेवर ठेवावे. त्यात रावसाचे तुकडे शिजवून शेवटी घट्ट दूध घालावे व उकळी येऊ न देता उतरावे. मोठ्यांना तिखट हवे असेल तर मुलाचा वाटा आधी काढून घेऊन मग उरलेल्यात मिरचीचे वाटण घालावे. एका चुलीवर दोन पिढ्यांचे जेवण होते.

बांगड्याची मुटकुळी (दीड वर्षानंतर) : वाफवलेल्या बांगड्याचे मांस काढून, तितक्याच उकडलेल्या बटाट्यात कोथिंबीर घालून मळावे आणि बोटाएवढी मुटकुळी करून तव्यावर थोड्या तेलात परतावी. मुलाला आपल्या हाताने खाण्याचा आनंद यात मिळतो.

मासा शिजल्यावर तासन्‌तास बाहेर ठेवू नये, आणि बाळाच्या उष्ट्या वाटीतला पुन्हा गरम करून देऊ नये.

काटा

आता मुख्य भीतीकडे वळू. मासा कोमट झाल्यावर, स्वच्छ धुतलेल्या हाताने, पांढऱ्या थाळीऐवजी गडद रंगाच्या थाळीत चिमटीचिमटीने कुस्करावा. पांढरा काटा गडद थाळीत उठून दिसतो. एकदा कुस्करल्यावर पुन्हा एकदा सबंध तुकडा बोटांखालून घालावा. या वेळी बोलू नये, दूरचित्रवाणी पाहू नये. मिक्सरवर भरवसा ठेवू नये. त्यात काटा नाहीसा होत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात आणि मग ते सापडतही नाहीत. मुलाला बसवूनच भरवावे. रांगत्या, हसत्या, रडत्या मुलाच्या मागे घास घेऊन धावू नये.

आणि तरीही काटा अडकलाच तर? सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावणे हा आपला परंपरागत उपाय आहे. लहान मुलावर तो करू नये; काटा आणखी खोल रुतण्याचा संभव असतो. घशात बोट घालूनही चाचपू नये. मूल रडत असेल, श्वास घेत असेल, तर शांतपणे डॉक्टरांकडे न्यावे. श्वासच कोंडला आणि मूल वर्षाच्या आतले असेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने मोकळे झाले नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे, आणि हे आळीपाळीने करीत मदत बोलवावी. प्रत्येक आईबापाने, आजी-आजोबांनी आणि मूल सांभाळणाऱ्या बाईनेही हे एकदा जाणत्याकडून शिकून घ्यावे; मासा खाणाऱ्या घरात आणि न खाणाऱ्याही घरात, कारण शेंगदाणा काही मांसाहारी नव्हे!

दूध आणि मासा

मासा आणि दूध एकत्र झाले की कोड उठते, ही धास्ती घरोघरी आहे. मासा व दूध यांना चरकसंहितेत विरुद्धाहार म्हटले आहे, हे खरे. आजच्या वैद्यकाप्रमाणे मात्र त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीरातल्याच संरक्षक शक्तीकडून नष्ट झाल्यामुळे कोड येते. माशाचा त्याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. तान्हे मूल तर दिवसभर दूधच पीत असते. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला बरे वाटावे म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर ठेवले, तर मुलाचे काही बिघडत नाही आणि घरातला गोडवाही टिकतो.

या दिवाळीत आजी घरी येणार असतील, तर लाडू वळायला त्यांना बसवालच; एक दिवस पापलेट आणून त्यांच्या शेजारीही बसा. त्यांची बोटे काटा कसा शोधतात ते नुसते पाहू नका, त्यांच्या देखरेखीखाली आपल्या बोटांनी शोधा. बाळाच्या ताटात तो मऊ, निर्धोक घास पडेल आणि पुढच्या हंगामात तुम्हांला कुणाला विचारावे लागणार नाही.