आगीतून उठणारी गाठ

भूमध्य समुद्राच्या काठाने, कोर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जेरिया अशा भागांतल्या डोंगरउतारांवर एक झुडूप वाढतं. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव एरिका आर्बोरिया. वसंतात ते बारीक पांढऱ्या फुलांनी झाकून जातं, पण त्याच्या काटकुळ्या फांद्या सुताराच्या काही उपयोगाच्या नाहीत. कामाची गोष्ट आहे मातीखाली. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे या झुडपाला एक गाठ येते आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जाते. व्यापारात तिला ब्रायर म्हणतात. तंबाखू ओढायचे उत्तम लाकडी पाईप याच गाठीतून कोरले जातात.

झाडाला ही गाठ हवी कशाला? त्या मुलखातले उन्हाळे कोरडे, वणवे नेहमीचे. वणव्यात वरचं सगळं जळून जातं. मातीखालची गाठ मात्र वाचते, कारण तिच्यावर मातीचं पांघरूण असतं. तिच्यात अन्नाचा साठा असतो, निजलेले कोंब असतात. पाऊस पडला की तिथूनच नवे धुमारे फुटतात. आगीनंतर पुन्हा उभं राहण्यासाठी झाडाने जमिनीत राखलेली ही पुंजी आहे, आणि माणसाने विस्तव ठेवायला नेमकी तीच निवडली! ब्रायर दाट असतं, त्याचे तंतू गुंतलेले असतात, त्यामुळे तापून ते सहजासहजी तडकत नाही. आतून थोडं काळवंडतं, पण सहसा पेट घेत नाही. चेरी किंवा नासपतीच्या लाकडाला इतका टिकाव नसतो.

फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सेंट-क्लोद गावात कातारी पूर्वीपासून होते. यात्रेकरूंसाठी जपमाळेचे मणी आणि इतर धार्मिक वस्तू ते लाकडातून कातत. पुढे ते पाईपही करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्या हाती ब्रायर आलं आणि बघता बघता हे गाव पाईपसाठी जगभर ओळखलं जाऊ लागलं.

उकरून काढलेली गाठ वाळू द्यायची नाही, नाहीतर ती फाटते. ती ओलसर झाकून ठेवतात आणि मग कापणारा तिला करवतीपाशी नेतो. हा माणूस या सगळ्या साखळीतला अनाम उस्ताद आहे असं माझं मत आहे. गाठीच्या आत खडे अडकलेले असतात, भेगा असतात, कुजके ठिपके असतात. करवतीच्या प्रत्येक फेरीनंतर जे उघडं पडलं त्यावरून पुढचा काप कुठे घ्यायचा हे तो त्या क्षणी ठरवतो. बरंचसं लाकूड वाया जातं. उरलेले ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळतात, म्हणजे कडू रस आणि टॅनिन निघून जातं. त्यानंतर ते सावलीत सुकवायचे. याला महिने लागतात, चांगल्या ठोकळ्यांना वर्षंही.

आता ठोकळा पाईप घडवणाऱ्याच्या टेबलावर येतो आणि खरी गंमत सुरू होते. गाठीतले तंतू मधून बाहेरच्या दिशेने सगळीकडे फाकलेले असतात, अगदी कदंबाच्या फुलासारखे. त्यामुळे तंतूंच्या बाजूने कापलं तर लाकडावर सरळ रेषा दिसतात आणि तंतू आडवे छेदले तर बारीक गोल ठिपके दिसतात. या ठिपक्यांना पक्ष्याचे डोळे म्हणतात. एकाच ठोकळ्यात दोन्ही असतात. कारागीर तो पाण्याने ओला करतो, उजेडात फिरवतो, पेन्सिलने आकृती काढतो, पुसतो, पुन्हा काढतो. रेषा बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, भिंतींवरून उभ्या चढाव्यात आणि डोळे वरच्या काठावर व तळाशी यावेत, ही त्याची धडपड.

कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या सिक्स्टन इवार्सन या स्वीडिश कारागिराने (1910–2001) हा विचार पुढे नेला. सुरुवातीला तो लोकांचे मोडके पाईप दुरुस्त करत असे. तोवर आकार ठरलेले असत आणि लाकूड त्यात बसवलं जाई. इवार्सनने लाकडालाच आकार ठरवू दिला. त्याचा मुलगा लार्स याने पुढे ब्लोफिश नावाचा आकार घडवला. त्यात दोन्ही कुशींवर डोळ्यांच्या गोल तबकड्या असतात आणि मधून रेषांचा पट्टा वळसा घालतो. नीट पाहिलं तर दोन्ही बाजू सारख्या नसतात, तरी नजरेला तोल ढळल्यासारखा वाटत नाही. लाकडाच्या रेषांचं इतकं सुंदर वाचन मी दुसऱ्या कुठल्याही आकारात पाहिलेलं नाही. सिक्स्टनची नात नाना हीसुद्धा याच कामात आहे.

हे झालं रूप. आतलं काम मात्र तिळभर चूक सोसत नाही. तंबाखूची पोकळी साधारण 20 मिलिमीटर रुंद आणि 40 मिलिमीटरच्या आसपास खोल. दांड्यातून येणारी हवेची वाट अवघी चार मिलिमीटरची. ही वाट पोकळीच्या तळाला बरोबर मधोमध उघडली पाहिजे. वर उघडली तर खाली ओला तंबाखू न जळता राहतो. तिरकी गेली तर ओढ बिघडते. दांडा आणि मुखनळी यांच्या सांध्यात फट राहिली तर धुरातली वाफ तिथे थंड होऊन पाणी साचतं आणि प्रत्येक झुरक्याला गुडगुड ऐकू येते. हवेच्या वाटेचं छिद्र लाकडाच्या आत न दिसता पाडायचं असतं, तेही वाकलेल्या दांड्यातून. तळापर्यंत जाणारी तार न अडकता आरपार गेली की कारागीर सुटकेचा श्वास सोडतो.

मुखनळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, किंवा अ‍ॅक्रिलिकची. एबोनाइट दातांना मऊ लागतं, म्हणून अनेकांना तेच आवडतं. पण उन्हाने त्यातलं गंधक वर येऊन ते हिरवट तपकिरी पडतं. दातांत धरायचं टोक चार मिलिमीटरच्या आसपास पातळ हवं आणि तरीही आत हवेची वाट मोकळी राहायला हवी. कानशीने हे टोक घासण्यात तास जातात.

सगळं झाल्यावरही लाकूड दगा देऊ शकतं. शेवटचा पॉलिश पेपर फिरवताना आतला एखादा खड्डा उघडा पडतो आणि आठवड्याची मेहनत धोक्यात येते. काहीजण तो पुटीने भरतात. काहीजण पृष्ठभागावर वाळूचा झोत मारतात. त्याने मऊ भाग झिजतो, कठीण रेषा उंच राहतात आणि बोटांना लाकडाची वाढ हाताळता येते. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने या पद्धतीचं पेटंट 1917 मध्ये मागितलं होतं. गुळगुळीत पाईपला आधी गडद रंग देतात, मग तो घासून काढतात. मऊ तंतूंनी पिऊन घेतलेला रंग तेवढा मागे राहतो आणि रेषा उठून दिसतात. वरून कार्नौबा मेणाची झळाळी.

तंबाखू शरीराला घातकच आहे, तो ओढा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या आजोबांच्या कपाटात जुना ब्रायर पाईप सापडला, तर तो हातात घेऊन उलटा करा. तळाशी डोळे आणि भिंतींवर उभ्या रेषा असतील, तर घडवणाऱ्याने ठोकळा नीट वाचला होता. मग तो उजेडात तिरका धरा. रेषा मध्येच तुटून सपाट, एकरंगी ठिपका दिसला, तर तिथे पुटी भरलेली आहे.