धुराडे : चुलीच्या अर्थकारणातील दुर्लक्षित घटक

चुलीतील तप्त वायू हलके असल्याने धुराड्यातून वर चढतात व त्यांच्यामागोमाग ताजी हवा चुलीत खेचली जाते. हा ओढा टिकावा म्हणून नळी सरळ आणि छपराच्या आढ्यापेक्षा उंच न्यावी लागते. पाणी शिरू नये व वाऱ्याने धूर उलटू नये यासाठी तिच्या तोंडावर टोपी बसवितात. तापलेली नळी गवती छपराला टेकल्यास आगीचा धोका संभवतो. खरा प्रश्न मात्र काजळीचा आहे. ती साचून नळी अरुंद झाली, की धूर पुन्हा स्वयंपाकघरातच पसरतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८०च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २००२पर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या. भर राहिला तो संख्येवर. घसाऱ्याची तरतूद प्रत्येक कारखान्याच्या ताळेबंदात असते. चुलीच्या हिशेबात ती नव्हती!

रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांचा ओडिशातील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जाणारा धूर घटला. नंतर हा लाभ ओसरला, कारण देखभाल व वापर दोन्ही कमी होत गेले. त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या मिळू लागल्या. तरीही सिलिंडर पुन्हा भरणे न परवडणाऱ्या घरांत शेगडीशेजारी लाकडाची चूल पेटते आणि तिला बहुधा धुराडे नसते.