सुकटीतील प्लास्टिक आणि वैद्याचे उत्तर

सोलापूर समुद्रापासून दूर. येथे ताजी मासळी म्हणजे बहुधा उजनीची चिलापी, रोहू किंवा कटला. समुद्राशी आमचा संबंध सुकट, सुके बोंबील आणि मीठ यांपुरताच. तरीही गेल्या पावसाळ्यात पांडुरोगाने क्षीण झालेल्या एका रुग्णेच्या सासूबाईंनी आम्हांस विचारले, “डॉक्टरसाहेब, माशांत प्लास्टिक निघतंय म्हणतात. सुनेला सुकट देऊ का नको?” वृत्तपत्रातील बातमी वाचून घरच्यांनी सुकट बंदच केली होती. दूध-फळांचा खर्च न झेपणाऱ्या घरातील एक बल्य आहारद्रव्य केवळ एका आकड्यामुळे बंद व्हावे, हे आम्हांस अस्वस्थ करून गेले. तो आकडा येतो कसा, हे मुळापासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिककणांस सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते मोजण्यासाठी मत्स्याचे आतडे किंवा मांस दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कोमट उष्णतेवर एक-दोन दिवस ठेवतात. मांस विरघळते, बहुतेक प्लास्टिक टिकून राहते. मग संपृक्त मिठाच्या पाण्यात हलके कण वर येतात, ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. येथेच पहिली मेख आहे. मिठाच्या अशा पाण्याची घनता सुमारे 1.2, पिशव्यांचे पॉलिएथिलीन त्यावर तरंगते, पण पॉलिएस्टरची घनता सुमारे 1.38 असल्याने त्याचा धागा तळाशीच राहतो. जड झिंक क्लोराइड वापरणाऱ्या प्रयोगशाळेस तोच धागा सापडतो. मासा एकच, आकडे दोन!

दुसरी मेख ओळखण्याची. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा निळा धागा सुताचा की पॉलिएस्टरचा, हे नुसत्या डोळ्यांस कळत नाही. आमच्या शहरातील विणकरास याचे नवल वाटणार नाही. तो धाग्याचे टोक जाळून पाहतो. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गुंडी होते. प्रयोगशाळेतही संशयित कणास तप्त सुई लावून पाहतात. निश्चितीसाठी मात्र अवरक्त किरणांचे किंवा रामन पद्धतीचे वर्णपटमापन लागते. पहिले साधारण वीस मायक्रॉनपर्यंत पोहोचते, दुसरे एका मायक्रॉनच्या आसपास. त्याहून लहान कण गणनेतून निसटतात.

शार्ङ्गधराने मानपरिभाषेत गवाक्षातून येणाऱ्या सूर्यकिरणांत दिसणाऱ्या त्रसरेणूचा उल्लेख केला आहे. तसेच हवेतील धागे प्रयोगशाळेच्या तबकातही पडतात. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक सुती अंगरखा घालतात व शेजारी मोकळे तबक ठेवून त्यात पडलेले कण वजा करतात. ज्या अहवालात या मोकळ्या तबकाचा उल्लेखच नाही, त्यावर आम्ही फारशी भिस्त ठेवणार नाही.

आता मिठाकडे पाहू. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 2018 साली भारतीय सामुद्र लवणात किलोमागे सरासरी 56 ते 103 कण नोंदविले. साध्या वाळूच्या गाळणीने त्यांचे वजनी 85 टक्क्यांहून अधिक प्रमाण दूर करता येते, असेही दाखविले. चीनमध्ये 2015 साली सामुद्र लवणात 550 ते 681 कण मिळाले होते. यावरून आपला समुद्र कित्येक पटींनी स्वच्छ ठरतो काय? गाळणी आणि ओळखण्याची रीत सारखी नसता तसे म्हणणे धाडसाचे होईल. सैंधवाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी हेही ध्यानी घ्यावे की, त्याच चिनी अभ्यासात खाणीतील व विहिरींतील मिठातही 7 ते 204 कण होते.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी साळ नदीच्या खाडीतील कालवे, शिंपले व मासे यांत हे कण आढळल्याचे 2021 साली प्रसिद्ध केले. मोठ्या माशाचे आतडे आपण काढून टाकतो. कालव आणि सुकट मात्र आतड्यासह पोटात जातात. म्हणून माशाच्या आतड्यातील आकडा जसाच्या तसा ताटावर लावणे चूक, आणि सुकटीस पूर्णतः निर्दोष म्हणणेही चूक.

शरीरावरील परिणामांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली उपलब्ध पुरावा अपुरा ठरविला. 2024 साली इटलीतील अभ्यासात मानेच्या धमनीतील मेदसंचयात असे कण असलेल्या रुग्णांत हृद्रोग, पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले; तो संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. वमन-विरेचनाने हे कण बाहेर पडतात असे सांगावयाचे असल्यास कर्मापूर्वी व कर्मानंतर, मोकळ्या तबकासह, मोजून दाखवावे लागेल. तोवर आपल्या जाहिरातींत तो शब्द नसावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

सासूबाईंना आम्ही सांगितले की सुकट चालू ठेवावी. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, मग भाजावी. धुण्याने वरची धूळ जाईल, आतले कण जाणार नाहीत, हेही सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग उजनीच्या माशात किती असतंय?” पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेऊन येणाऱ्या भीमेवर ते धरण आहे, आणि सोलापूर तेच पाणी पिते. आपल्या मंडळाने एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या साहाय्याने उजनीची वीस चिलापी तपासून घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही पुढील सभेसाठी पाठवीत आहोत.