‘जातो’ म्हणू नये

आपल्या मराठीत निरोप घेताना एक गंमत होते. माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो आणि तोंडाने म्हणतो, ‘येतो’. परक्याने हे ऐकले तर गृहस्थ नक्की येतो आहे की जातो आहे, असा त्याला प्रश्न पडेल! ‘गेला’ या शब्दाला मरणाचा वास असतो, म्हणून ‘जातो’ हा शब्द दारात उच्चारायचा नाही अशी आपली रीत. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणायचे, देवापुढे नारळ फोडला तरी तो ‘वाढवला’ म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

ही रीत केवळ मराठीची नाही. सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला कानडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. तिथला पाहुणा ‘होगि बर्तेनि’ म्हणून उठतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. तमिळ माणूसही असेच म्हणतो, आणि बंगाली तर आपल्यासारखा नुसता ‘आशि’, म्हणजे ‘येतो’, म्हणून निघतो. इंग्रजी ‘गुडबाय’च्या पोटातही हीच काळजी आहे. ‘देव तुमच्याबरोबर असो’ अशा अर्थाचे जुने इंग्रजी वाक्य वापरून वापरून झिजले आणि त्याचा ‘गुडबाय’ झाला. एस.टी.च्या खिडकीतून आपण ‘बाय बाय’ ओरडतो तेव्हा त्यातला देव केव्हाच गळालेला असतो. ‘टाटा’ हा मात्र इंग्रजीत लहान मुलांशी बोलतानाचा बोबडा शब्द. उद्योगपती टाटांशी त्याचा काही संबंध नाही, मग ट्रकच्या पाठीवर दोन्ही टाटा शेजारी शेजारी का दिसेनात!

हे झाले घरातले. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘येतो’ म्हणणारा विरळाच. तिथे ‘फुटतो’, ‘सटकतो’, ‘कल्टी मारतो’ असे शब्द चालतात. (मुलीने ‘फुटते’ म्हटले तर अजून दोन-चार माना वळतात, पण ते असो.) मला वाटते, यांतले बरेचसे शब्द मुंबईहून आले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली किती माणसे तिथे गिरणीत आणि माथाडी कामाला होती! ती सुट्टीला गावी येत, तेव्हा पिशवीतल्या खाऊबरोबर असे शब्दही येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, शब्द मात्र गावी राहिले.

काही शब्द इथल्या रस्त्यावरचे आहेत. आमच्या वर्गातली मुले तास संपला की ‘डबल बेल!’ म्हणून उठतात. एस.टी.त कंडक्टरने दोरी ओढून एक टोला दिला की गाडी थांबते आणि दोन दिले की सुटते, हे रोज पास काढून येणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ‘चल, हवा येऊ दे’ हेही तसेच. तू वारा अडवून उभा आहेस, बाजूला हो, एवढाच मूळ अर्थ. २०१४ साली त्याच नावाचा कार्यक्रम टी.व्ही.वर सुरू झाला आणि ही टिंगल घरोघर पोचली.

पण वाचकहो, थट्टा काही आजच्या पोरांनीच सुरू केलेली नाही. ‘गाशा गुंडाळणे’ घ्या. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे आच्छादन. शब्द अरबी-फारसीतून आलेला. मुक्काम हलवायचा म्हणजे स्वाराला आपले सामान गुंडाळणे आलेच. आता घोडा राहिला नाही, पण खोलीचे भाडे थकले की विद्यार्थी गाशाच गुंडाळतो. ‘पोबारा’ हा सोंगट्यांच्या खेळातला शब्द. तीन फाशांवर दोन छक्के आणि एक एक्का पडला, म्हणजे बारा अधिक एक, की ते दान पोबारा. असे मोठे दान पडल्यावर सोंगटी सुसाट निघणारच. नवल असे की, हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे भाग्य उजळणे, आणि आपण मात्र त्याच दानावर पळून गेलो!

दुसऱ्याला घालवण्यासाठी तर भाषेने फारच कल्पकता दाखवली आहे. एखाद्याची मान धरताना अंगठा आणि बोटे यांचा आकार अर्ध्या चंद्रासारखा होतो, म्हणून हाकलून देणे म्हणजे ‘अर्धचंद्र देणे’. पाठवणी करताना हातावर नारळ ठेवतात, म्हणून कामावरून काढणे म्हणजे ‘नारळ देणे’. संस्कृतच्या तासाला आपण ‘गच्छति, गच्छतः, गच्छन्ति’ घोकतो. त्यातले शेवटचे, ‘ते जातात’ एवढ्याच अर्थाचे रूप मराठीत आले आणि वर्तमानपत्रात मंत्र्यांची ‘गच्छंती’ झाली.

हे सगळे शब्द मांडून पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ते एक तर पळणाऱ्याचे आहेत, नाही तर हाकललेल्याचे. किंवा उद्या सकाळी पुन्हा भेटणारच अशा मित्राचे. जिथे परत भेटीची खात्री नाही तिथे यांतला एकही चालत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. कट्ट्यावरचे शब्द मी घरी नेले, आई त्यांना हसलीही, पण उंबऱ्यावर तिला ‘येते’ हेच ऐकायचे असते. त्याला अपवाद एकच. दुखवट्याच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत आणि घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. तसल्या कारणाने पुन्हा येणे कोणालाच नको असते. माणसे न बोलता चपला घालतात.

सातारा जिल्ह्यात घरोघर फौजी आहेत. अपशिंगे या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. माझे धाकटे चुलते फौजेत आहेत. सुट्टीचा महिना ते घरभर हसवत असतात. कोणी रानात निघाले की ‘मारा डबल बेल!’ म्हणून ओरडतात. पण पलटणीला परत जायच्या दिवशी काकू हातावर दही घालते, तेव्हा ते फक्त ‘येतो’ म्हणतात. काकू ‘या’ म्हणते, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत कोणी दाराला हात लावत नाही.