दिल्लीची थंडी आणि कीटकभक्षी वनस्पतींची सुप्तावस्था

दिल्ली परिसरातील गच्चीवर वाढविलेल्या व्हीनस फ्लायट्रॅपची पाने डिसेंबरमध्ये काळी पडू लागली, की रोप मेले असे समजून ते टाकून दिले जाते. वस्तुतः ही सुप्तावस्था असते. कुंडीतील कंद जिवंत असतो. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिनाच्या दलदलीत उगवणाऱ्या या वनस्पतीस 3 ते 4 महिने लहान दिवस व थंडी लागते. ही विश्रांती वारंवार चुकल्यास रोप क्षीण होत जाते. मुंबईत न मिळणारी ही थंडी दिल्लीत निसर्गतःच मिळते.

म्हणून हिवाळ्यात रोप उघड्यावर, उन्हात ठेवावे. हीटर असलेल्या खोलीत नेऊ नये. कीटक भरवू नयेत. थंडीत पचन मंदावून भक्ष्य सापळ्यातच कुजते. वाळलेली पाने कापून टाकावीत, अन्यथा बुरशी वाढते. कुंडी केवळ ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे व तेही पावसाचे किंवा आरओने शुद्ध केलेले असावे; क्षारयुक्त पाणी मुळांना घातक ठरते.

मेघालयातील घटपर्णीला मात्र अशी सुप्तावस्था नसते; तिला थंडीपासून जपावे लागते. फ्लायट्रॅपच्या मध्यभागी वसंतात हिरवे कोंब दिसू लागले, की पाणी वाढवावे. तोवर संयम हीच खरी निगा होय.